मेहुण्यांचे मासे आणि माझं हिरवं

माशांना मासे खाऊ घालतात, हे मला एका रविवारी जेवताना कळलं. कळलं तिथंच मी गप्प बसायला हवं होतं.

बोलत होते माझे थोरले मेहुणे, म्हणजे हिचे सख्खे भाऊ. शहराबाहेर त्यांचे तिलापिया माशांचे मोठमोठे हौद आहेत. मेहुण्यांचं सगळंच मोठं : हात मोठे, आवाज मोठा, घासही मोठा. मी त्यांच्या घरी गेलो की पाहुणा असतो आणि ते माझ्या घरी आले की तेव्हाही मीच पाहुणा असतो.

"खाद्याचा भाव पुन्हा चढला," ते म्हणाले. "समुद्रात बारीक मासळी मिळेनाशी झालीय."

"तुमच्या हौदांचा आणि समुद्राचा काय संबंध?" मी विचारलं.

"खाद्यात मासळीची पूड असते ना, जावईबापू. बारीक मासळी पकडायची, वाळवायची, दळायची आणि माझ्या माशांना घालायची."

मी चमचा खाली ठेवला. "म्हणजे मासे वाढवायला आधी मासे मारायचे?"

"मग काय तुमच्या हापिसातल्या फायली खाऊ घालू?"

ही हसली. मेहुणे हसले याचं मला काही नाही, तो त्यांचा स्वभाव आहे. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोने नेमक्या अशा वेळी माहेरच्या बाजूने हसावं, हे मनाला लागतं. मी विमा कंपनीत आहे. लोक माझ्यासमोर उभे राहून बोलतात. माझ्याच जेवणाच्या टेबलावर मात्र मीठ मागायचं तरी मला दोनदा मागावं लागतं.

"त्याला पर्याय आहे," मी म्हणालो. "वनस्पतिजन्य."

'वनस्पतिजन्य' हा शब्द जेवताना नीट सावकाश उच्चारला, तर समोरच्याचा घास हमखास थांबतो. मेहुण्यांचा थांबला. मग मी न्हाव्याच्या दुकानातल्या जुन्या मासिकात वाचलेलं सगळं सांगून टाकलं : सोयाबीन, वाटाणा, आणि या सगळ्यांपेक्षा सोपी अशी एक पाणवनस्पती. मसुराच्या दाण्याएवढं पान, देठ नाही की खोड नाही, नुसती पाण्यावर तरंगते. खत नको, मशागत नको, आणि प्रथिनं चाळीस टक्के!

"घरी होईल?"

"गच्चीवर होईल," मी म्हणालो. गच्चीवर होईल असं मासिकात कुठंही नव्हतं. ते मला त्या क्षणी सुचलं.

मेहुण्यांनी हात पुसले. "ठरलं तर मग. शिल्लक आहे तेवढं खाद्य घालतो, नवीन मागवत नाही. माझे मासे आता तुमच्या भरवशावर."

आता हे त्यांनी थट्टेने म्हटलं की खरोखरच विश्वासाने, हे मला अजून कळलेलं नाही. थट्टा करताना आणि गंभीर असताना मेहुण्यांचा चेहरा सारखाच दिसतो. हिला विचारलं तर ती म्हणाली, "दादा थट्टा करत नाही." मग आजवर माझ्याबद्दल ते जे जे बोलले ते सगळं गंभीरपणे होतं की काय, हा नवाच प्रश्न उभा राहिला.

ती वनस्पती बागेतल्या तळ्यात सापडली. मी बादली घेऊन वाकलो, तेवढ्यात रखवालदार शिट्टी फुंकत आला. 'फुले तोडू नयेत' या पाटीकडे त्याने बोट दाखवलं. मी म्हणालो, "फुलं नकोत हो, हे वरचं हिरवं हवंय." त्याबरोबर तो हात जोडून म्हणाला, "न्या साहेब, सगळं न्या. उद्या पण या." इतक्या आनंदाने सरकारी माणूस जी वस्तू देतो ती घेऊ नये, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

गच्चीवर आमचा जुना बाथटब पडून होता, त्यात मी ते सोडलं. दोन दिवसांत ते पिवळं पडलं, आणि पिवळं पडल्याबरोबर शेजारी वर आले. एखादी गोष्ट नीट चाललेली असते तेव्हा शेजारी येत नाहीत. त्यांनाही आपली कामं असतात.

पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "पाण्यात क्षार फार आहेत. तुमच्या दातांवरूनच दिसतं." दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "त्याच्याशी बोलत जा. माझी मनीप्लँट बोलल्यामुळेच वाढली." मी कुणी बघत नाही असं पाहून दोनचार वाक्यं बोललोही. पण बाथटबाशी बोलायला विषय सापडत नाही. शेवटी हवापाण्याची चौकशी केली आणि खाली आलो. शेजारचे निवृत्त गणिताचे सर तेवढे काही बोलले नाहीत. ते नुसते वाकून पानं मोजत होते.

खरं औषध मेहुण्यांनीच फोनवर सांगितलं. "त्याला घाण पाणी लागत असणार. माझ्या हौदातलं पाठवतो."

म्हणजे माशांना वाढायला हिरवं हवं आणि हिरव्याला वाढायला मासे हवेत. यात आधी कोण, हे डोक्यात नीट बसवायचा मी प्रयत्न केला, तोवर मेहुण्यांचा टेम्पो पाण्याचे कॅन घेऊन दारात उभा राहिला. वास इतका की टेम्पोवाला स्वतः लांब फुटपाथवर उभा होता.

त्या पाण्याने चमत्कार झाला. पिवळं हिरवं झालं, हिरवं दाट झालं, दाट झालं ते काठाला आलं. सरांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तेज आलं. "दुप्पट!" ते जिन्यातून ओरडत यायचे. "पुन्हा दुप्पट! अहो, याला थांबवलं नाही तर वर्षाच्या आत समुद्र झाकला जाईल."

"मग थांबवायचं कसं?"

"ते गणितात येत नाही," सर समाधानाने म्हणाले.

बाथटब भरला. घरातल्या बादल्या भरल्या, पिंपं भरली. आम्ही घरात त्याला नुसतं 'हिरवं' म्हणू लागलो. सकाळी उठल्यावर ही विचारायची, "हिरवं कुठवर आलंय?" धुण्याला बादली मागितली की मी विचारायचो, "हिरवं कुठं ठेवू?" एके दिवशी ती म्हणाली, "अहो, हे सगळं दादाकडे जाणार आहे की दादाच इथं राहायला येणार आहे?"

माझ्या नजरेस गच्चीवरची जुनी सिमेंटची टाकी पडली. नवीन टाकी बसवल्यापासून ती बंदच आहे, असं सगळे म्हणत. पाणी घालून मी सगळं हिरवं त्यात ओतलं, वर झाकण ठेवलं आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

टाकी बंद होती. पण खालून एक पाइप नव्या टाकीला जोडलेला होता, तो बंद नव्हता.

सकाळी पहिली बातमी दातांच्या डॉक्टरांकडून आली. त्यांच्या खुर्चीत एक गृहस्थ दाढ काढून घेत होते. डॉक्टर म्हणाले, चूळ भरा. गृहस्थांनी चूळ भरली आणि भांड्यात हिरव्या ठिपक्यांचा सडा पडला. हे आपल्याच तोंडातून आलं असं वाटून गृहस्थ पांढरेफटक पडले. डॉक्टरांनाही आधी तसंच वाटलं. त्यांनी म्हणे विजेरी घेऊन पुन्हा सगळं तोंड तपासलं. गृहस्थ उरलेली दाढ तशीच घेऊन निघून गेले आणि परत आले नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे केस हिरवे निघाले. सर तेवढे नळाखाली गाळणं धरून मोजत बसले होते.

इमारतीच्या सेक्रेटरीबाईंनी तातडीची सभा बोलावली. बाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि माझ्याशी बोलताना अजूनही असतात.

"उभे राहा," त्या म्हणाल्या.

मी उभाच होतो. तरी मी पुन्हा उभा राहिल्यासारखं केलं.

"हे विषारी आहे का?"

"नाही बाई. उलट चाळीस टक्के प्रथिनं आहेत."

"म्हणजे आम्ही तुम्हाला धन्यवाद द्यायचे?" दातांचे डॉक्टर म्हणाले.

पाइप ताबडतोब तोडायचा, टाक्या धुवून द्यायच्या आणि हे हिरवं निरुपद्रवी असल्याचं पालिकेचं ना-हरकत पत्र आणायचं. नाहीतर सगळं गटारात, असा ठराव झाला. गटारात म्हटल्यावर सर एकदम उठले आणि म्हणाले, "गटारात नको! गटार नदीला मिळतं!" पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, काचेच्या बाटलीत नमुना घेऊन मी पालिकेत गेलो.

उद्यान विभागातले साहेब बाटली उजेडात धरून म्हणाले, "याला माती नाही. माती नाही म्हणजे उद्यान नाही. पाणीपुरवठ्यात जा."

पाणीपुरवठ्यातल्या बाई म्हणाल्या, "यात पाणी आमचं आहे, पण तक्रार पानांची आहे. पानं आमच्याकडे नाहीत."

"मग पानं कुणाकडे आहेत?"

"तुम्ही याचं करणार काय?"

"माशांना घालणार."

"मग हे पशुखाद्य. तिसरा मजला."

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ चहा पीत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचा मासा दूध देतो?"

"नाही."

"अंडी?"

"देतो, पण तशी नव्हे."

"ओझं ओढतो?"

"नाही हो."

"मग पशू कसा?" त्यांनी बशी खाली ठेवली. युक्तिवाद इतका बिनतोड होता की मीच त्यांना "खरंय" म्हणालो. त्यांनाही बहुधा माझी दया आली असावी. त्यांनी एका कागदावर लिहून, शिक्का मारून दिलं : 'सदर वनस्पती या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.'

ते पत्र सेक्रेटरीबाईंनी दोनदा वाचलं. कक्षेत येत नाही म्हणजे हरकत आहे की हरकत नाही, यावर पुन्हा सभा झाली. निम्मे लोक म्हणाले, आहे. निम्मे म्हणाले, नाही. मला विचाराल तर मी दोन्ही बाजूंनी मान डोलावत होतो. शेवटी बाईंनीच मधला मार्ग काढला : "पत्र राहू दे. हिरवं जाऊ दे."

तेवढ्यात मेहुण्यांचा फोन. "जावईबापू, खाद्य संपत आलंय. टेम्पो पाठवतो."

चला, म्हटलं, सुटलो. टेम्पो काठोकाठ भरून हिरवं मेहुण्यांच्या हौदांवर गेलं. मागोमाग मी आणि ही. मेहुण्यांनी पाटीभर हिरवं हौदात टाकलं. मासे खालून वर आले. त्यांनी बघितलं. मग एकेक करून सगळे त्या हिरव्याखाली, सावलीत, जाऊन उभे राहिले.

"खातायत का?" मी विचारलं.

"बसलेत," मेहुणे म्हणाले.

खरोखरच ते बसल्यासारखेच दिसत होते. उन्हातून आल्यावर माणसं झाडाखाली जशी टेकतात तशी. एखादा मासा मधूनच एखादं पान तोंडात धरायचा आणि सोडून द्यायचा. आम्ही बराच वेळ काठावर उभे होतो.

"अहो, त्यांना सवय गोळ्यांची आहे," ही म्हणाली. "हे वाळवून, दळून, गोळ्या करून द्यायला हवं. नुसतं पानांवर कुणी जेवेल का?"

इतका वेळ ही माझ्या बाजूने बोलेल असं मला वाटलं नव्हतं. ती बोलली आणि मी लगेच म्हणालो, "मी तेच म्हणणार होतो."

मेहुण्यांच्या अंगणात आम्ही ताडपत्र्या पसरल्या आणि हिरवं वाळत घातलं. केवढा पसारा! शेजारच्या कुंपणापर्यंत नुसती हिरवळ. कडक ऊन होतं, मी मोठ्या डौलात फावड्याने ते खालीवर करत होतो. दर वेळी वाटायचं, मघाशी जरा जास्त होतं. पुन्हा पाहावं तर आणखी कमी. वारा म्हणावा तर वारा नव्हता, चोर म्हणावा तर चोराला याचं काय करायचं? शेवटी सगळं वाळलं तेव्हा एवढा टेम्पोभर डोंगर एका उशीच्या अभ्र्यात बसला, आणि अभ्र्यालाही वर गाठ मारायला जागा उरली.

"बाकीचं कुठं गेलं?" मेहुण्यांनी विचारलं.

"पाणी होतं," मी म्हणालो.

ते चाळीस टक्के वाळल्यानंतरचे होते. हे त्या मासिकात पुढच्या पानावर असणार. पुढचं पान न्हाव्याने वस्तरा पुसायला फाडलेलं होतं.

मी पायरीवर बसलो. एक माणूस मासिकाचं दीड पान वाचून दुसऱ्याच्या हौदभर जिवांची जबाबदारी घेतो म्हणजे काय, असं मनात आलं. मासे खंगले तर मेहुण्यांचं वर्ष जाणार होतं. त्यांनी एकदा जरी ओरडून घेतलं असतं तरी बरं वाटलं असतं. ते नुसते माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "सोयाबीन किती लागेल?"

अभ्र्यातल्या हिरव्यात सोयाबीन आणि वाटाणा घालायचा, असं ठरलं. सोयाबीन कच्चं चालत नाही, शिजवावं लागतं. मेहुण्यांच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांनी घर दणाणलं. हिने सगळं कणकेसारखं मळलं, मेहुण्यांनी खिम्याच्या यंत्रातून त्याच्या वळ्या पाडल्या, मी त्या सुरीने कापून सुकवल्या. दिसायला गोळ्या फार सुंदर झाल्या. मी त्यांतली एक चाखूनही पाहिली. चव वाईट नव्हती. म्हणजे चव नव्हतीच.

मासे आले. गोळी तोंडात घेतली. थुंकली. दुसऱ्याने घेतली, थुंकली. तिसऱ्याने तर पहिल्याची थुंकलेली घेऊन पुन्हा थुंकली. इतका उघड अपमान माझा पालिकेतही झाला नव्हता.

"नवीन चव आहे," मी म्हणालो. "दोन दिवस दुसरं काहीही घालायचं नाही. भूक लागली की खातील. मात्र तिघांनीही शब्द द्यायचा. मध्येच कुणी दया दाखवली तर सगळं फुकट."

तिघांनीही शब्द दिला. शेवटच्या पोत्याच्या तळाशी जुनं खाद्य थोडं उरलं होतं. मेहुण्यांनी पोत्याचं तोंड बांधून टाकलं. माझ्या गोळ्या एका थाळीत घालून, थाळी दोरीने पाण्यात सोडली आणि आम्ही तिथंच मुक्काम केला.

पहिल्या दिवशी थाळी तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे काठाशी येऊन तोंडं उघडझाप करत उभे. माशाचं तोंड मुळातच तसं असतं, त्यात काही करुण नाही, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. मेहुणे पेपर उलटा धरून वाचत होते. हिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि ते कुणाला कळलंही नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर जरा पडतो म्हणून दोघं आपापल्या खोलीत गेली. मीही गेलो. पाच मिनिटं आढ्याकडे बघितलं. मग हळूच उठलो, कोठारात गेलो, पोत्याची गाठ सोडली (ती जरा सैलच होती), जुन्या खाद्याची एक मूठ घेतली आणि पाय न वाजवता हौदाकडे निघालो. एकच मूठ. तत्त्व म्हणजे तत्त्व, पण त्यांना त्यातलं काय कळणार?

कोपऱ्यावर वळलो तर हौदाच्या पलीकडच्या काठावर मेहुणे उभे. एवढा मोठा माणूस, आणि हात पाठीमागे. मला पाहून ते म्हणाले, "ऊन खात होतो."

"मी पण," मी म्हणालो आणि माझाही हात पाठीमागे नेला.

तेवढ्यात पंपाच्या खोलीआडून ही आली. पदराखाली मूठ. आम्हा दोघांना पाहून ती जागच्या जागी थांबली. "मी कपडे वाळलेत का बघायला आले होते," ती म्हणाली. त्या बाजूला कपडे वाळत घालायची दोरीच नव्हती.

तिघंही उभे. कुणाला हसू येईना, कुणाला पुढे होता येईना. मासळीच्या पुडीचा वास मात्र तिन्ही बाजूंनी येत होता.

"दादा, मूठ उघड," ही म्हणाली.

"आधी तुझ्या नवऱ्याला सांग."

"माझ्या गोळ्यांवर तुमचा विश्वासच नव्हता!" मी म्हणालो. हे मी स्वतःच्या हातात जुनं खाद्य घेऊन म्हणालो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"विश्वास होता म्हणून तर दोन दिवस थांबलो," मेहुणे म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला होता. "पण बघवेना हो."

"मला पण," मी म्हणालो.

हिने तेवढ्यात पाण्याकडे बोट केलं. "थाळी बघा!"

मेहुण्यांनी दुसऱ्या हाताने दोरी ओढली. थाळी रिकामी होती.

"खाल्लं!" मी ओरडलो.

"विरघळलं असेल," ही म्हणाली.

"बगळ्यानं नेलं असेल," मेहुणे म्हणाले.

काय खरं, काही कळेना. मी डाव्या हाताने काठावरच्या डब्यातल्या हिरव्या गोळ्या थाळीत ओतल्या, थाळी खाली सोडली आणि आम्ही तिघं काठावर ओणवे झालो. एक मोठा मासा आला. गोळी घेतली. थुंकली. त्याने तीच गोळी पुन्हा घेतली, जरा थांबला, आणि गिळली. मग दुसरी. मग मागून झुंबड उडाली. थाळी दणादणा हलायला लागली, पाणी आमच्या तोंडावर उडालं.

मेहुण्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या थापेने मी जवळजवळ हौदात गेलो होतो, पण हिने शर्ट धरला.

मग मेहुण्यांनी आपल्या मुठीकडे पाहिलं. "आता हे मुठीतलं काय करायचं?"

हौदात टाकलं तर नेमकं काय खाऊन मासे जगले, हे कधीच कळलं नसतं. पोत्यात परत टाकायला जावं तर आपण गाठ सोडली होती, हे कुणी आधी कबूल करायचं? मी निमूटपणे मूठ खिशात रिकामी केली. हिने पर्समध्ये केली. मेहुण्यांनी काय केलं ते मी पाहिलं नाही.

संध्याकाळी आम्ही बसने घरी निघालो. बसला उभं राहायला जागा नव्हती. आम्ही आत शिरलो तशी आमच्या भोवतीची माणसं एकमेकांकडे पाहत हळूहळू पुढे सरकली, मग बाकावरची दोघं उठली, मग समोरचीही.

ही खिडकीशी पाय पसरून बसली. "किती दिवसांनी ऐसपैस बसायला मिळालं," ती म्हणाली आणि पर्स तिने दोघांच्या मध्ये ठेवली.